हिराओकांच्या घराची सावली

तांदूळ धुता धुता मोरिकाझुला आपले स्वतःचे हात दिसले आणि तो थबकला. हात रोजचेच होते. आयुष्यभर शहर बसचं चाक फिरवून तळव्याला पडलेले घट्टे, मनगटावरचे करडे केस, नखांच्या पिवळट कडा. पण या ओट्यापाशी इतक्या उजेडात ते त्याने कधी पाहिले नव्हते. पातेल्यातल्या पांढुरक्या पाण्यावर उन्हाचा एक तुकडा हलत होता, आणि त्याचंच प्रतिबिंब वर छतावर हलत होतं. त्या छतावर तेलकट धुराचे डाग आहेत हेही त्याला आजच कळलं. शेजारचं हिराओकांचं दुमजली घर पाडायचं काम आठवडाभर चाललं होतं, पण चहूबाजूंनी जाड करडी कापडं बांधून. काल दिवेलागणीला कामगारांनी कापडं सोडली, वाकून वाकून माफी मागितली आणि ट्रकमध्ये बसून निघून गेले. आता खिडकीबाहेर, दक्षिणेला, काहीच नव्हतं. सपाट खरवडलेली माती, तिच्यापलीकडे दुसऱ्यांच्या घरांची छपरं आणि मोठं, उघडंबोडकं आकाश. मोरिकाझुला बरं वाटलं. साधं, थंडीतून आल्यावर अंगाला वाटतं तसं बरं. त्याने पातेलं बाजूला ठेवलं आणि दोन्ही हात पालथे करून उन्हात धरले. मग त्याला गेलेली बायको सातोए आठवली आणि हात आपोआप मागे आले. हे ऊन तिला मिळायला हवं होतं, तीन वर्षं उशीर झाला, असं काहीसं त्याच्या मनात आलं, आणि ते नवीन नव्हतं. गेली तीसेक वर्षं तो कुठल्या ना कुठल्या रूपात हेच म्हणत आला होता.

घर त्याच्या वडिलांनी बांधलं तेव्हा तोकुशिमाची ही बाजू म्हणजे नुसती कमळाची शेतं होती. चिखलात कंबरेएवढं उतरून माणसं कमळाचे कांदे काढायची आणि पाण्यावरून ऊन थेट घरात यायचं. म्हणूनच वडिलांनी स्वयंपाकघर दक्षिणेला घेतलं होतं, लोक हसले तरी. सातोए या घरात सून होऊन आली ती इयाच्या डोंगराळ खोऱ्यातून, जिथे देवदाराच्या उभ्या रांगांमुळे सूर्य उशिरा येतो आणि लवकर जातो. पहिलं वर्षभर ती डोळे बारीक करून वावरायची. मोरिकाझुला ते तेव्हा गोड वाटायचं. पहाडातली पोर, एवढं आभाळ पाहिलेलं नाही, असं तो डेपोतल्या मित्रांना सांगायचा. मग शेजारचं शेत विकलं गेलं आणि हिराओकांनी तिथे कुंपणाला अगदी खेटून दुमजली घर उभं केलं. भिंत वर चढताना त्याने रोज पाहिली. एके दिवशी स्वयंपाकघरात भर दुपारी दिवा लावावा लागला, तेव्हा तो तरातरा निघाला होता भांडायला. सातोएने त्याची बाही धरली. "जाऊ द्या हो," ती म्हणाली. "काही बिघडत नाही." तो धुमसत परत बसला. त्याला वाटलं, भिडस्त आहे बिचारी, सोसायची सवय आहे तिला. त्याच दिवशी त्याने मनाशी ठरवलं की हिला एक दिवस उन्हाचं घर घेऊन देईन. दर नव्या वर्षाला हे वाक्य तो तिला बोलून दाखवायचा, आणि ती सूप ओतता ओतता "हो, घेऊ की" म्हणायची. घर घेणं काही झालं नाही. मुलीचं, मिहोकोचं शिक्षण झालं, आईचं आजारपण झालं, नोकरी संपली आणि मग सातोएच आजारी पडली. इस्पितळात तिला खिडकीजवळची खाट मिळाली म्हणून त्याला केवढा आनंद झाला होता. पण तो भेटायला जाई तेव्हा पडदा ओढलेलाच असायचा. डोकं दुखत असेल, असं तो समजायचा. तिच्या अंत्यविधीला जमलेल्या लोकांचे आभार मानायला तो उभा राहिला तेव्हा तेच बाहेर आलं: "मी हिला जन्मभर अंधारात ठेवलं. माफी मागायचीसुद्धा राहून गेली." लोकांनी डोळे पुसले. फक्त सातोएची थोरली बहीण मासुनो, पहिल्या रांगेत बसलेली, तिने त्याच्याकडे एकदा रोखून पाहिलं आणि मान फिरवली. जेवणाला न थांबता ती शेवटच्या बसने डोंगरात परत गेली. त्यानंतर तिचा फोन नाही, पत्र नाही.

ऊन चढलं तेव्हा त्याचं लक्ष पट्टीकडे गेलं. घर आणि कुंपण यांच्यामधली चटईएवढी रुंद जमीन, तिला घरात सगळे पट्टीच म्हणत. हिराओकांची भिंत उभी राहिल्यावर तिथे टोमॅटो येईनात, झेंडू येईनात. मग सातोएने माहेरहून एक रोप आणून लावलं. किरेंगेशोमा. त्सुरुगी पर्वताच्या ओल्या सावलीत वाढणारं हे झाड आता रानात फार थोडं उरलंय, हरणांनी खाल्लं, लोकांनी उपटलं. तिच्या माहेरच्या परसात मात्र आजोबांच्या काळापासून त्याचा जुडगा होता. हिवाळ्यात ते जमिनीत नाहीसं व्हायचं आणि वसंतात पुन्हा जांभळट देठ वर काढायचं, कंबरेएवढं होऊन हाताच्या पंजासारखी मोठी पानं पसरायचं. त्याच्यासाठी तिचे सारखे उपद्व्याप चालायचे. नळाचं पाणी नको म्हणून पन्हाळीखाली पिंप. माहेराहून पोत्यात भरून आणलेला कुजलेल्या पानांचा काळा चुरा, त्यात पिवळी भुसभुशीत कानुमाची माती. हिराओकांच्या भिंतीचा पाया सिमेंटचा, पावसात त्यातून चुना पाझरतो आणि या झाडाला आंबट माती लागते, म्हणून पायाच्या कडेने पाइनच्या सुयांचा जाड थर. "लोणचं घालतेस की काय मातीचं?" असं तो विचारायचा. ती गेल्यावर तो त्याला पाणी घालत राहिला. प्रेमाने म्हणावं तर तसंही नाही. पिंप होतं, डबा होता, सकाळी दुसरं काम नव्हतं. आता पानांवर पिठासारखी पांढरी धूळ बसली होती. त्याने बोट फिरवलं, सिमेंट. त्याने ओलं फडकं आणून एकेक पान पुसलं, जमिनीवरचा वरचा पापुद्रा खरवडून पोत्यात भरला. हे करताना मान भाजत होती आणि त्यातही त्याला मजा वाटत होती. पण तिसऱ्या चौथ्या दिवशी पानांच्या कडा तपकिरी झाल्या, कागद जळत यावा तशा आत आत सरकू लागल्या, आणि दुपारी सगळं झाड खांदे पाडून उभं राहू लागलं.

त्याच सुमाराला जागेचे नवे मालक भेटायला आले, रीतीप्रमाणे टॉवेलची भेट घेऊन. ओचि नावाचं तरुण जोडपं. तो उंच, सारखा मान डोलावणारा. त्याची बायको हारुना ठेंगणी आणि डोळ्यांनी सगळीकडे बघणारी.

"काका, बांधकाम हिवाळ्यात सुरू होईल. आवाजाचा त्रास होईल थोडा," ओचि म्हणाला. "पण एक आनंदाची गोष्ट आहे. आम्ही घर एकमजलीच बांधतोय. आणि कुंपणापासून चांगलं आत."

"एकमजली," मोरिकाझु म्हणाला.

"आळीतल्या लोकांनी सांगितलं ना आम्हाला, की हिराओकांच्या घरामुळे तुमचं किती वर्षं ऊन अडलं होतं. तुम्ही फार सोसलंत म्हणे."

"नकाशा काढणाऱ्याला मुद्दाम सांगितलं यांनी," हारुना म्हणाली, "काकांच्या खिडकीत डिसेंबरातसुद्धा सावली पडता कामा नये."

आळीतल्या लोकांना हे कोणी सांगितलं असणार ते उघड होतं. मोरिकाझुने दोन्ही हातांनी टॉवेल घेतले आणि खाली वाकून आभार मानले. वाकलेला असताना त्याला स्वतःच्या चपला दिसत होत्या, आणि चपलांपलीकडे झाडाचं एक गळून पडलेलं पान, कुरकुरीत.

दोन दिवस त्याने फोन उचलला आणि ठेवला. शेवटी मासुनोताईचा नंबर लावला. बरंच वाजल्यावर तिचा चढा आवाज आला.

"कोण?"

"मी मोरिकाझु, ताई. तोकुशिमाहून."

"हं. कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं. सातोएचं ते झाड... शेजारचं घर पाडलं, त्याच्यावर ऊन येतंय. जळतंय ते. म्हटलं खणून तुमच्याकडे घेऊन येऊ का?"

पलीकडून झऱ्याच्या पाण्याचा आवाज येत होता. ती बहुतेक मागच्या दारी उभी होती.

"आता? या उकाड्यात? कळ्या धरायच्या वेळेला मूळ हलवणार तुम्ही?" ती म्हणाली. "त्यापेक्षा कुऱ्हाड घाला की."

"मग काय करू?"

"सावली करा."

"सावली कशी करू, ताई?"

"ते मी कशाला सांगू भाऊजी? सावलीशी तुमचंच जन्माचं भांडण. पानं पिवळी पडून गळाली की मग आणा." आणि तिने फोन ठेवला.

त्याने लाकडाच्या दुकानातून बांबू आणि वेताचे उंच पडदे आणले. ते कुंपणाला टेकवून उभे केले, तर दुपारचं ऊन त्यांच्या डोक्यावरून आत उतरायचं. मग आडवे बांबू टाकून वरूनही एक पडदा आच्छादला. स्वयंपाकघरात पुन्हा अंधार झाला. आठवड्यापूर्वी ज्या उजेडाचं एवढं अप्रूप वाटलं तो आपण आपल्याच हातांनी झाकला याचं त्याला वाईट वाटायला हवं होतं, पण तेवढी फुरसत नव्हती. वारा आला की पडदे आडवे व्हायचे. पिंपातलं पाणी तापायचं. ते सावलीत ओढून आणायला लागायचं. ऑगस्टात शहरभर नाचाचे ढोल वाजू लागले, मिरवणुकांचे ताफे डेपोवरून जायचे, आणि तो पडद्याआड पाटावर बसून असायचा. त्या चटईएवढ्या जागेत ओल्या पानांचा वास कोंडून राहिला होता. सातोएच्या कामाच्या कपड्यांना यायचा तोच. इतक्या वर्षांत आपण इथे कधी बसलोच नाही हे त्याच्या लक्षात आलं. ती बसायची. संध्याकाळी तो कामावरून आला की ती या दारातून घरात यायची, गुडघे झटकत, आणि तो विचारायचा, "अंधारात काय करत होतीस?" ती म्हणायची, "काही नाही." त्यालाही ते काहीच नाही असं वाटायचं. बऱ्याच कळ्या गळाल्या. एका देठावर मात्र चार टिकल्या, आणि त्यांतली एक एका सकाळी उघडली. उघडली म्हणजे तरी काय, किरेंगेशोमा पुरतं उघडतच नाही. जाड, मेणासारख्या फिकट पिवळ्या पाकळ्या एकमेकींवर तिरक्या मुडपलेल्या, आणि मान खाली. आत बघायचं तर माणसानेच खाली वाकायला हवं. तो गुडघे टेकून वाकला आणि आत पाहिलं. तिथेही सावलीच होती, पिवळसर, शांत. त्याला एकदम रडू आलं, पण कशाचं ते नीट सांगता आलं नसतं.

सप्टेंबरच्या वादळाने पडदे उडवून नेले ते कुठे गेले कळलंच नाही. तेव्हा मात्र ऊन मऊ झालं होतं. मिहोकोचा ओसाकाहून फोन यायचा. "बाबा, ते घर आता विकून टाका. इथे आमच्या शेजारच्या इमारतीत एक खोली रिकामी आहे, अकराव्या मजल्यावर. दिवसभर ऊन असतं, तुम्हाला आवडेल." झाड डोंगरात पोचतं केलं की येतो, असं तो म्हणाला. ते खरंही होतं. या घरात आता सांभाळायचं असं ते एकच होतं, आणि ते जिथलं तिथे गेलं की मग तो कुठेही राहायला मोकळा होता. अकरावा मजला तर अकरावा मजला. आयुष्यात निदान एका माणसाला तरी उन्हाचं घर मिळेल.

नोव्हेंबरात पानं पिवळी होऊन पडली. त्याने देठ कापले, लांबून गोल खणत आत गेला, आणि फावड्याखाली माती वचकन सुटली तेव्हा मुळांचा गड्डा त्याला वाटला त्याहून पुष्कळ मोठा निघाला. ओल्या शेवाळात, मग वर्तमानपत्रात, मग सातोएच्या जांभळ्या कापडात गाठोडं बांधून तो आगगाडीने इकेदापर्यंत गेला आणि तिथून बसने वर. गाठोडं मांडीवर जड होतं आणि हळूहळू विजारीला ओल लागत होती. वळणावर चालक गिअर उशिरा टाकत होता. मोरिकाझुचा पाय आपोआप दाबला जात होता.

मासुनोताई थांब्यावर आली नव्हती. ती परसात होती, टिकाव घेऊन, खड्डा आधीच खणून ठेवलेला. वयाने वाकली होती, आवाज मात्र तोच.

"आणा. हळू. धपकन टाकू नका, बाळंतीण आहे ती." तिने गाठोडं सोडलं, गड्ड्यावर बोटं फिरवली, कोंब चाचपले. "जिवंत आहे. उन्हाळा काढला याने. कसा काय?"

"पडदे लावले. वरूनसुद्धा."

"तुम्ही?"

"मी."

तिने पुन्हा एकदा गड्ड्याकडे पाहिलं आणि तो खड्ड्यात बसवला. देवदारांच्या खाली माती काळी आणि गार होती, दाबली की बोटांतून पाणी येई. दोघं गुडघ्यांवर बसून चुरा लोटत राहिली. वरून धुकं उतरत होतं. काम संपल्यावर तिने चुलीवर सोयाबीनचं खारट मिसो फासलेले बटाटे काड्यांना टोचून भाजायला ठेवले आणि कुट्टूच्या दाण्यांचं सूप त्याच्यापुढे ठेवलं. तो म्हणाला, घर विकतोय, ओसाकाला जातोय.

"जा," ती म्हणाली. मग बटाट्याची काडी फिरवता फिरवता, त्याच्याकडे न बघता: "भाऊजी, तुमचा मला राग आला होता. अजून आहे."

"माझ्याकडून तिच्यासाठी काही झालं नाही, ताई. मला ठाऊक आहे. एक उजेडाचं घर—"

"तेच! तेच ते!" तिने काडी खाली ठेवली. "चारचौघांत उभं राहून माझ्या बहिणीला बिचारी करून टाकलंत तुम्ही. जन्मभर अंधारात ठेवलं म्हणे. तिला विचारलंत कधी?"

त्याने हातातला वाडगा खाली ठेवला.

"लग्न होऊन गेली तेव्हा वर्षभर रडून फोन करायची ती. गावातल्या दुकानात फोन होता, मी धावत जायची. म्हणायची, ताई, इथे सगळं उघडं आहे, डोळे मिटले तरी लाल दिसतं, कुठे जाऊन बसू कळत नाही. आई म्हणाली, येईल परत ही. मग ते शेजाऱ्याचं घर झालं." मासुनोताईने नाक पुसलं. "त्या दिवशी फोन आला तिचा. हसत होती. म्हणाली, ताई, आपल्या मागच्या दारासारखी सावली पडते आता इथे. आता राहता येईल. पुढच्याच आठवड्यात येऊन झाड घेऊन गेली."

चुलीतलं लाकूड सरकलं. मोरिकाझुने सुपाचा वाडगा उचलला, त्यात पाहिलं, आणि तसाच धरून बसला. दर नव्या वर्षाला सूप ओतताना ती "हो, घेऊ की" म्हणायची तो स्वर त्याला ऐकू आला, आणि त्या स्वरात त्याने इतकी वर्षं जे ऐकलं होतं ते त्यात नव्हतंच. ती सोसत नव्हती. ती त्याची समजूत घालत होती.

"मला सांगितलं का नाही तिने?" त्याने विचारलं.

"तुम्ही एवढ्या हौसेने उन्हाचं घर देणार होतात. तुमचं मन कसं मोडायचं?" मग बटाट्याची काडी त्याच्यापुढे करत ती म्हणाली, "खा. गार होतंय."

त्याने खाल्लं. बटाटा जीभ भाजण्याइतका गरम होता आणि त्याला अतिशय भूक लागली होती. खाणं झाल्यावर तो उठला, परसात गेला आणि नुकत्याच दाबलेल्या मातीकडे बघत उभा राहिला. मासुनोताई मागून आली.

"अर्धं परत द्याल का?" तो म्हणाला.

"अकराव्या मजल्यावर लावणार?"

"नाही. घरीच."

"ऊन आहे ना तिथे."

"बघतो काहीतरी."

तिने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, मग कुरकुरत आत जाऊन जुनी करवत आणली. गड्डा पुन्हा उकरला आणि मधोमध कापला. आतला गर पांढरा, ओला होता. "हे घ्या. आणि मेलं तर मला कळवू नका," ती म्हणाली; पण बस येईपर्यंत थांब्यावर उभी राहिली, आणि पानांच्या चुऱ्याचं एक पोतंही तिने त्याच्या पायाशी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओचि नवरा-बायको जागेवर आले होते. पायासाठी दोऱ्या बांधणं चाललं होतं. मोरिकाझु कुंपणापाशी गेला. मिहोकोला त्याने रात्रीच सांगून टाकलं होतं; ती चिडली होती, मग म्हणाली होती, "बाबा, तुम्हाला झालंय काय?" ते त्याला सांगता आलं नव्हतं. हे त्याहून अवघड होतं.

"एक विचारायचं होतं," तो म्हणाला. "तुमचं घर दुमजली नाही का करता येणार?"

ओचिची मान डोलायची थांबली. "काका, आमचं काही चुकलं का?"

"नाही, नाही. तुम्ही फार विचार केलात माझा. फक्त... मला सावली हवी होती. माझ्या बायकोला सावली आवडायची. तिचं झाड आहे, त्याला लागते. मी आळीत सगळ्यांना उलटं सांगत फिरलो. मला माहीत नव्हतं."

दोघं एकमेकांकडे बघायला लागली. मग हारुनाने नवऱ्याला कोपर मारलं. "सांग आता. सांग ना!"

ओचिने मान खाजवली. "घराचं आता काही नाही करता येणार, मंजुरी मिळालीय. पण हिला या कडेला मेपल लावायचा होता. मीच नको म्हटलं. म्हटलं, काकांचं ऊन अडेल."

"महिनाभर भांडतोय आम्ही याच्यावरून," हारुना म्हणाली. "कुंड्यासुद्धा लावू देत नव्हता मला इथे!"

"लावा," मोरिकाझु म्हणाला. "अगदी कुंपणाला खेटून लावा."

"पानं मात्र सगळी तुमच्याकडे पडतील हं, काका. मागाहून ओरडायचं नाही."

"पडू देत. मला ती लागणारच आहेत."

पुढच्या रविवारी मेपल आला. ओचिने तो एका हातात उचलून आणला, एवढासा होता. पान एक नाही, नुसत्या काड्या. तिघांनी मिळून तो लावला. मोरिकाझुने त्याआधीच आपल्या बाजूला अर्धा गड्डा पुरून वर पाइनच्या सुया पसरल्या होत्या. हारुना कुंपणावरून वाकून बघत म्हणाली की इथे काही असेल असं वाटतसुद्धा नाही. एप्रिलपर्यंत दिसणार नाही, तो म्हणाला. संध्याकाळी त्याने डोंगरात फोन लावला.

"लावलं," तो म्हणाला.

"सावली आहे का?" मासुनोताईने विचारलं.

त्याने खिडकीतून पाहिलं. कुंपणावर मेपलच्या काडीची, बोटाएवढ्या रुंदीची एक रेघ पडली होती.

"येतेय," तो म्हणाला.